प्रोस्टेट शस्त्रक्रियेतील उपचारमार्ग

प्रोस्टेट या पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीच्या शस्त्रक्रियेसाठी दाखल झालेल्या रुग्णाचे कोणत्या दिवशी काय करायचे, याचे आधीच लिहून ठेवलेले वेळापत्रक म्हणजे उपचारमार्ग. डॉक्टर, भूलतज्ज्ञ, सिस्टर आणि फिजिओथेरपिस्ट त्या एकाच कागदावर नोंदी करतात. कारखाने आणि बांधकामांतली ही नियोजनाची रीत १९८५ च्या सुमारास बोस्टनच्या न्यू इंग्लंड मेडिकल सेंटरमध्ये परिचारिकांच्या पुढाकाराने रुग्णसेवेत आली.

मुंबईच्या मोठ्या सार्वजनिक रुग्णालयांत पाळीगणिक माणसे बदलतात. सकाळच्या सिस्टरने पाहिलेले रात्रीच्या सिस्टरला कळायचे तर ते कागदावर असायलाच हवे. उपचारमार्गाचा खरा उपयोग इथेच होतो.

वाढलेली प्रोस्टेट दुर्बिणीतून खरवडून काढतात तेव्हा काम दाखल होण्याआधीच सुरू होते. लघवीचे कल्चर, म्हणजे तीत जंतू आहेत का याची तपासणी, केले जाते आणि जंतुसंसर्ग असल्यास आधी तो आटोक्यात आणतात. रक्त पातळ ठेवणारी गोळी कधी थांबवायची, हे हृदयरोगतज्ज्ञाला विचारून ठरते. हृदयाच्या रक्तवाहिनीत ती उघडी ठेवणारी जाळी, म्हणजे स्टेंट, असेल तर ही गोळी परस्पर बंद करणे जिवावर बेतू शकते. शस्त्रक्रियेनंतर तीन तोंडांच्या नळीतून मूत्राशय सलाईनने सतत धुतात. लघवीच्या पिशवीतला रंग कोकम सरबतासारखा गडद झाला की सलाईनची धार वाढवायची, फिका गुलाबी झाला की कमी करायची. आत किती गेले आणि बाहेर किती आले, याचा हिशेब मात्र चुकता कामा नये. बाहेर कमी येत असेल तर गुठळीने नळी तुंबली असण्याची शक्यता असते, आणि रुग्ण कळवळेपर्यंत थांबणे योग्य नाही. सगळे सुरळीत असल्यास नळी साधारण एक ते तीन दिवसांत निघते.

कर्करोगासाठी संपूर्ण ग्रंथी काढतात तेव्हा मार्ग वेगळा असतो. रुग्णाला लवकर चालवतात, पण नळी एक-दोन आठवडे राहते. लघवी रोखणाऱ्या स्नायूंचे व्यायाम शस्त्रक्रियेआधीच शिकवलेले बरे. टाटा मेमोरियलच्या समन्वयाने २०१२ पासून चालणाऱ्या नॅशनल कॅन्सर ग्रिड या रुग्णालयांच्या जाळ्याचा उद्देशही देशभर कर्करोगावर सारखे उपचार मिळावेत हाच आहे.

ठरल्या क्रमापासून फारकत घ्यावी लागली तर कारणासह नोंद होते. पंचाहत्तरीच्या मधुमेही आजोबांची नळी कागदावरच्या तारखेसाठी घाईने काढू नये.

घरी जातानाचा भाग सर्वांत दुर्लक्षित राहतो. रुग्णाला नळीसकट लोकलने कसाऱ्यापर्यंत जायचे असेल, तर लघवीची पिशवी कमरेच्या खालीच ठेवायची, हे त्याला आणि सोबतच्या मुलाला करून दाखवावे लागते. चाळीत सकाळी पाणी आले तरी चार ते सहा आठवडे बादल्या उचलायच्या नाहीत, शौचाला कुंथायचे नाही. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर दहा-पंधरा दिवसांनी आतली खपली सुटते आणि लघवी पुन्हा लालसर होते. आधी सांगितलेले नसले तर घर हादरते. अशा वेळी पाणी भरपूर प्यायचे. गुठळ्या पडल्या, ताप आला किंवा लघवी अडली तर मात्र मध्यरात्र असली तरी रुग्णालय गाठायचे, आणि तिथे कोणत्या विभागात जायचे, तेही डिस्चार्ज कार्डावर मराठीत लिहिलेले असावे.