१:३५ चा रणगाडा आणि लहान न होणारा निसर्ग

सेंच्युरियन हा ब्रिटिश बनावटीचा रणगाडा सुमारे ५१ टन वजनाचा. तोफेची नळी सोडून त्याचं धूड साधारण ७.६ मीटर लांब. १:३५ या प्रमाणात त्याची प्लास्टिकची प्रतिकृती केली की ते धूड पावणेबावीस सेंटिमीटरवर येतं. किट व्यवस्थित जोडलं, सांधे पॉलिश पेपरनं घासले, वर हिरव्या रंगाचा एकसारखा हात मारला, तरी समोर बसलेलं असतं ते खेळणंच. मापं अचूक असूनही डोळा फसत नाही.

कारण पोलादाची लांबी-रुंदी ३५ पटींनी लहान करता येते. सूर्यप्रकाश, धुळीचा कण, द्रवाचा पृष्ठताण, रंगाच्या थराची जाडी यांतलं काहीच त्याबरोबर लहान होत नाही. ते सगळं रंगवणाऱ्याला हातानं घडवावं लागतं. या छंदात मला सर्वांत जास्त आनंद मिळतो तो इथेच.

एक नेमका रणगाडा डोळ्यांसमोर ठेवू. १६ डिसेंबर १९७१, भारत-पाकिस्तान युद्ध, पाकिस्तानातला शकरगढचा प्रदेश, रावीची उपनदी बसंतर. सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून वाट काढत पूना हॉर्स या भारतीय रेजिमेंटचे सेंच्युरियन नदीपलीकडे गेले आणि तिथे रणगाड्यांची मोठी लढाई झाली. पुण्यात जन्मलेले २१ वर्षांचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल याच लढाईत धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. त्या दिवशीचा सेंच्युरियन टेबलावर उभा करायचा असेल, तर रंगाची बाटली उघडण्याआधी थोडं विज्ञान पक्कं करावं लागतं.

सुरुवात प्रकाशापासून. १:३५ चं मॉडेल ३५ सेंटिमीटरवरून पाहणं म्हणजे खरा रणगाडा सव्वाबारा मीटरवरून पाहणं. मूळ छटा जशीच्या तशी लावली की मॉडेल काळवंडलेलं दिसतं, हे रंगवणाऱ्या सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून मूळ रंगात थोडा पांढरा किंवा फिकट पिवळसर मिसळायची पद्धत पडली. मधल्या हवेमुळे दूरचे रंग फिके पडतात, असं त्याचं कारण दिलं जातं. डोंगरांच्या बाबतीत ते खरं आहे, पण बारा मीटर स्वच्छ हवेनं रंगात जाणवण्याजोगा फरक पडत नाही. खरं कारण उजेडात आहे. भर उन्हात जमिनीवर सुमारे एक लाख लक्स प्रकाश पडतो, घरातल्या खोलीत काहीशे लक्स. प्रकाश कमी झाला की तोच रंग आपल्याला कमी भडक दिसतो. रंगशास्त्रज्ञ रॉबर्ट हंट यांनी १९५२ मध्ये ही बाब प्रयोगांनी दाखवली. उन्हातल्या रणगाड्याची आठवण ट्यूबलाइटखाली जागी करायची, तर रंग उजळावाच लागतो.

सावल्यांचंही तसंच. सूर्याचं बिंब आकाशात जेमतेम अर्ध्या अंशाचं, त्यामुळे उन्हातली सावली धारदार पडते. बुरुजाच्या कडेखाली, हॅचच्या म्हणजे आत उतरायच्या झाकणाच्या भोवती, प्रत्येक बोल्टच्या पायाशी काळी रेघ उमटते. खोलीत प्रकाश छतावरून, भिंतींवरून, सगळीकडून येतो आणि मिलिमीटरभर खोलीच्या खाचेत सावली टिकतच नाही. म्हणून ती रंगवावी लागते. वरचे पृष्ठभाग किंचित उजळ, खालचे गडद, खाचांत जवळजवळ काळा. नवख्याला हे नाटकी वाटतं. प्रत्यक्षात आपण खोलीत नसलेला सूर्य रंगानं भरून काढत असतो.

आता थराची जाडी. खऱ्या रणगाड्यावर रंगाचे थर मिळून ०.१ मिलिमीटरच्या आसपास धरले, तर प्रमाणात ते ३ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) होतात. इतका पातळ थर आपल्याला जमत नाही. ब्रशनं दिलेला ३० मायक्रॉनचा थर खऱ्या मापात एक मिलिमीटरहून जाड ठरतो आणि वेल्डिंगची बारीक शिवण, ओतीव पोलादाचा खरबरीतपणा त्याखाली बुजून जातो. एअरब्रश उपयोगी पडतो तो इथे. पातळ केलेल्या रंगाचा फवारा उडतो, थेंब पृष्ठभागावर पोचेपर्यंत त्यातला काही द्रावक उडून गेलेला असतो आणि थर ओघळत नाही. घाई न करता तीन-चार विरळ हात दिलेले केव्हाही चांगले.

पावसाळ्यात मुंबईत किंवा कोकणात लॅकर रंग फवारणाऱ्यांना एक त्रास ओळखीचा असेल: रंग वाळता वाळता पांढुरका पडतो. द्रावक झपाट्यानं उडताना पृष्ठभागाची उष्णता घेऊन जातो, तिथलं तापमान दवबिंदूखाली जातं आणि दमट हवेतलं पाणी ओल्या रंगावर उतरतं. सावकाश उडणारा थिनर वापरणं किंवा कोरड्या दिवसाची वाट पाहणं, हे दोनच इलाज.

थरांचा क्रमही रसायनशास्त्र ठरवतं. खाली लॅकर किंवा ॲक्रिलिक, वर एनॅमल आणि तैलरंग. कारण वरच्या थरांसाठी लागणारं मिनरल टर्पेंटाइन नीट वाळलेल्या ॲक्रिलिकला विरघळवत नाही. त्यामुळे मनासारखं जमलं नाही तर वरचं पुसून खालचं शाबूत ठेवता येतं. मात्र टर्पेंटाइन सढळ हातानं ओतू नये. सांध्यांत ते साचलं आणि तिथलं प्लास्टिक ताणाखाली असलं, तर पॉलिस्टायरीनला बारीक तडे जातात आणि महिनाभराच्या मेहनतीचं चाक एका संध्याकाळी तुटून पडतं. तैलरंगाची गोष्ट आणखी वेगळी. त्यातलं जवसाचं तेल उडून जात नाही. ते हवेतला ऑक्सिजन घेतं, रेणू एकमेकांत गुंफले जातात आणि थर घट्ट होतो. याला काही दिवस लागतात, आणि तेवढा वेळ रंग ओढायला, पसरवायला, पुसायला मोकळा मिळतो.

मानचिन्हं आणि क्रमांक येतात ते पाण्यात भिजवून चिकटवायच्या पातळ पापुद्र्यावर. मॅट रंगावर ते थेट लावले की कडेनं चंदेरी झाक दिसते. मॅट पृष्ठभाग म्हणजे सूक्ष्म उंचवटे आणि खड्डे. त्यामुळेच प्रकाश सगळीकडे विखुरतो आणि चमक दिसत नाही. त्याच खड्ड्यांत पापुद्र्याखाली हवा अडकते. पापुद्र्याचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो त्याचं माप) दीडच्या आसपास, हवेचा एक, आणि या सीमेवरून प्रकाश परततो. म्हणून आधी तकतकीत वार्निशचा हात द्यायचा, चिन्हं बसवायची आणि सगळं झाल्यावर मॅट वार्निश मारून चमक घालवायची.

याच तकतकीत पृष्ठभागावर वॉश चालतो. गडद तपकिरी तैलरंगाचा थेंब टर्पेंटाइनमध्ये पार पातळ करून ब्रशचं टोक खाचेला नुसतं टेकवायचं. द्रव स्वतःच रेघेतून पळत जातो, बोल्टला वळसा घालतो आणि थांबतो. ही केशाकर्षणाची करामत. पाण्याचा पृष्ठताण टर्पेंटाइनच्या जवळजवळ तिप्पट असतो, म्हणून पाण्यातला रंग प्लास्टिकवर थेंबाथेंबांत गोळा होतो आणि टर्पेंटाइनमधला सहज पसरतो. प्रत्यक्ष रणगाड्यावर मात्र पाऊसपाण्याला सेंटिमीटरभर रुंद खोबणीत असा मुक्त प्रवास करता येत नाही. माप लहान झाल्यामुळे केशाकर्षण आपल्या बाजूनं उभं राहतं, ही या कामातली दुर्मीळ मदत. उलट, सपाट जागी सांडलेला वॉश वाळताना कडेला गडद वर्तुळ सोडतो. थेंबाच्या काठावर बाष्पीभवन जास्त होतं, ती तूट भरायला आतून द्रव काठाकडे वाहतो आणि रंगकण तिथे नेऊन ठेवतो. सांडलेल्या कॉफीचा डाग काठावर गडद का असतो, याचंही उत्तर हेच. १९९७ मध्ये ते शास्त्रीय पद्धतीनं मांडलं गेलं. थेंब सुकण्याआधी कोरड्या ब्रशनं टिपला की वर्तुळ उमटत नाही.

आणि मग गंज. या विषयावर माझं मत ठाम आहे: बहुतेक मॉडेलांवर तो फार जास्त असतो.

लोखंड गंजायला पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही लागतात. धातूचा एक भाग इलेक्ट्रॉन सोडतो, दुसऱ्या जागी ऑक्सिजन आणि पाणी ते घेतात, आणि मधे तयार होतात लोहाची ऑक्साइडं व हायड्रॉक्साइडं. ती मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतात, म्हणून रंगाखाली गंज धरला की रंग फुगून पोपडे निघतात. पण या सगळ्याला वेळ लागतो. १९७१ चं युद्ध ३ ते १६ डिसेंबर चाललं. बसंतरवरच्या रणगाड्याला वर्षानुवर्षं पावसात उभं राहायची सवड नव्हती. त्याची देखभाल करणारे सैनिक होते आणि रंगाखाली प्रायमर होता. अशा गाड्यावर ओरखडा उठला तर आधी प्रायमर दिसेल, खोल गेला तर उघडं करडं पोलाद, आणि दमट रात्रीनंतर त्यावर नारिंगी धुरळ्यासारखा पहिला गंज. चिलखताच्या पत्र्यावर खवल्याखवल्यांचा लालभडक गंज म्हणजे सोडून दिलेला रणगाडा.

गैरसमज बहुधा संग्रहालयांतून येतो. अहिल्यानगरमध्ये १९९४ पासून रणगाड्यांचं संग्रहालय आहे आणि सेंच्युरियन तिथे हाताच्या अंतरावरून न्याहाळता येतो. आकार, वेल्डिंग, बुरुजाचं ओतकाम अभ्यासायला याहून चांगली जागा नाही. प्रत्येक मराठी मॉडेलकारानं तिथे जावं. मात्र उघड्यावर उभ्या असलेल्या गाड्यांवरचे गंजाचे डाग आणि पुन्हा पुन्हा दिलेल्या रंगाचे जाड थर रणांगणाचे म्हणून उचलू नयेत.

गंज योग्य आहे तो धुरांड्यावर. सेंच्युरियनचं २७ लिटरचं मीटिऑर पेट्रोल इंजिन विमानांच्या मर्लिन इंजिनावरून घडवलेलं. त्याच्या धुरांड्यांवर रंग टिकत नाही. तापणं, थंड होणं, दव पडणं हे चक्र रोज चालतं आणि गंज पटकन चढतो. इथे रंगांची निवड सोपी होते, कारण चित्रकाराच्या पेटीतले मातकट रंग मुळात लोहाची ऑक्साइडंच आहेत. पिवडीचा पिवळेपणा गोथाइटचा. गोथाइट तापवलं की त्यातलं पाणी निघून जातं आणि गेरूचा लालसर हेमॅटाइट उरतो. बर्न्ट सिएना अशीच भाजलेली माती. गंजाचं चित्र आपण गंजानंच काढतो. ताजा गंज नारिंगी, जुना तपकिरी, तापलेल्या भागी काळसर लाल, असे थर ठिपक्याठिपक्यांनी द्यायचे.

खरचटलेल्या रंगासाठी हेअरस्प्रेची युक्ती मला फार आवडते. खाली प्रायमरच्या रंगाचा हात, त्यावर हेअरस्प्रेचा पातळ थर, त्यावर हिरवा ॲक्रिलिक. मग ओल्या ब्रशनं कडा हलकेच घासायच्या. पाणी हिरव्या थरातून झिरपून हेअरस्प्रेमधल्या पॉलिमरला मऊ करतं आणि वरचा रंग वेडावाकडा निघतो, खऱ्यासारखा. थांबायचं कुठे, याचा हिशेबही करता येतो. ३५ सेंटिमीटरवरून माणसाच्या डोळ्याला ०.१ मिलिमीटरहून बारीक तपशील सुटा दिसत नाही. तेवढा ठिपका खऱ्या मापात साडेतीन मिलिमीटर. म्हणजे मिलिमीटरचा ओरखडा इथे साडेतीन सेंटिमीटरची जखम आहे. एवढ्या जखमा खऱ्या गाड्यावर सगळीकडे नसतात. पायऱ्या, हॅचच्या कडा, चढण्या-उतरण्याच्या जागा यांवर त्या असाव्यात, बाकी ठिकाणी हात आवरावा.

धुळीला मात्र मोकळं रान द्यावं, कारण बसंतरच्या काठची माती हिमालयातून वाहून आलेल्या गाळाची, फिकट करडी-पिवळसर. कोकणातल्या जांभ्याची लाल माती किंवा देशावरची काळी माती आपल्या ओळखीची असली तरी शकरगढच्या रणगाड्यावर ती चुकीची. अंगणातली खरी माती लावायचा मोह तर टाळावाच. ०.०६ मिलिमीटरचा गाळाचा कण १:३५ च्या जगात दोन मिलिमीटरचा खडा होतो. लोह-ऑक्साइडच्या रंगभुकटीचा कण एका मायक्रॉनच्या आसपास. प्रमाणात तो ३५ मायक्रॉन, म्हणजे खऱ्या गाळाच्या मापाचा. भुकटीनं धूळ का साधते, ते या हिशेबातून कळतं.

चाकांवरच्या चिखलात ओलं आणि कोरडं वेगळं दाखवावं लागतं. कोरड्या मातीत कणांमधे हवा असते, अपवर्तनांकातला फरक मोठा, त्यामुळे बराच प्रकाश वरच्यावर विखुरून परत येतो. पोकळ्यांत पाणी भरलं की फरक घटतो, प्रकाश खोल शिरतो, जास्त शोषला जातो आणि माती गडद दिसते. भुकटीवर टर्पेंटाइन टाकलं की ती लगेच काळवंडते, आणि उडून गेल्यावर पुन्हा उजळते, तेही यामुळेच. त्यात राळयुक्त फिक्सर असेल तर ती पूर्ण उजळत नाही, कारण राळ पोकळीतच राहते. म्हणून छटा नेहमी वाळल्यावर पारखावी, आणि नदीतून नुकत्याच चढलेल्या चाकांच्या खालच्या भागात भुकटीत थोडं तकतकीत वार्निश मिसळावं.

शेवटी ट्रॅक, म्हणजे चाकांभोवती फिरणारे पोलादी पट्टे. मँगनीज पोलादाचे, ब्रिटिश धातुशास्त्रज्ञ रॉबर्ट हॅडफिल्ड यांनी १८८२ मध्ये शोधलेल्या जातीचे: मार बसेल तसे आणखी कठीण होणारे. त्यावर रंग राहत नाही, तपकिरी गंज धरतो, आणि जिथे घर्षण आहे तिथे तो टिकत नाही. जमिनीला टेकणारे उंचवटे आणि दातेरी चाकाचे दात घासून चकचकीत झालेले असतात, चाकांमधून जाणारी शिंगं कडेनं उजळतात. रबरी धाव फिरते तो आतला पट्टा तितका लखलखीत नसतो. तपकिरी रंग वाळल्यावर या जागांवर मऊ पेन्सिलीचं शिसं बोटानं घासायचं. ग्रॅफाइटचे पापुद्रे एकमेकांवर सरकून सपाट बसतात आणि झिजलेल्या पोलादाची चमक येते, चंदेरी रंगाच्या कुठल्याही बाटलीपेक्षा सरस.