मॅस्टोडॉन सर्व्हर : लिनक्सवर स्वतः उभारणी

मॅस्टोडॉन सर्व्हर म्हणजे स्वतःच्या किंवा भाड्याच्या लिनक्स मशीनवर आपणच चालवायचा सोशल मीडिया. असे सगळे सर्व्हर एकमेकांशी बोलतात, त्या जाळ्याला फेडिव्हर्स म्हणतात. युगेन रोचको यांनी २०१६ मध्ये मॅस्टोडॉन आणला, कोड एजीपीएल लायसन्सखाली खुला आहे.

उगम : ही कल्पना नेमकी कुठून सुरू झाली यावर एकमत नाही. काहीजण थेट ईमेल आणि यूजनेटपर्यंत (इंटरनेटवरचे जुने चर्चागट) मागे नेतात, काहीजण डायस्पोराला मान देतात (२०१० मध्ये न्यूयॉर्कच्या चार विद्यार्थ्यांनी किकस्टार्टर या वर्गणीच्या साइटवर साधारण २ लाख डॉलर जमवून सुरू केलेला सोशल नेटवर्कचा प्रकल्प). पण प्रोटोकॉलची (सर्व्हरांनी एकमेकांशी बोलायच्या नियमांची) वंशावळ लावायला बसलं की इव्हान प्रोड्रोमू यांच्या २००८ च्या आयडेंटिका या छोट्या पोस्टच्या साइटपाशीच यावं लागतं, कारण त्यामागचं लॅकोनिका हे सॉफ्टवेअर पुढे स्टेटसनेट झालं, ते ग्नू सोशलमध्ये मिसळलं आणि सुरुवातीचा मॅस्टोडॉन ओस्टेटस हा प्रोटोकॉल वापरून त्याच ग्नू सोशलशी बोलायचा. हेच प्रोड्रोमू पुढे ॲक्टिव्हिटीपब या आजच्या प्रोटोकॉलच्याही लेखकांत आहेत. ॲक्टिव्हिटीपबला डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेची मान्यता जानेवारी २०१८ ची, मॅस्टोडॉनने मात्र ते २०१७ मध्येच घेतलं होतं, त्यामुळे फेडिव्हर्स २०१८ पासून धरणं फारसं टिकत नाही.

उभारणी : डेबियन किंवा उबंटू (दोन्ही लिनक्सचेच प्रकार), त्यावर पोस्टग्रेस (डेटाबेस), रेडिस (तात्पुरता साठा), रुबी आणि नोड (कोड चालवायला) आणि पुढे एन्जिनेक्स (वेबसर्व्हर). एचटीटीपीएसचं सर्टिफिकेट लेट्स एन्क्रिप्टचं. सिस्टमडी या लिनक्सच्या व्यवस्थापकाखाली तीन सर्व्हिस चालतात : वेब, स्ट्रीमिंग आणि साइडकिक. यातली साइडकिक महत्त्वाची, पोस्ट बाहेरच्या सर्व्हरांना पोचवायचं काम तीच करते, ती अडकली की साइट वरून ठणठणीत दिसते पण बाहेर काहीच जात नाही. मेलचं आधी बघून ठेवावं, कारण बऱ्याच क्लाउड कंपन्या २५ नंबरचा पोर्ट बंद ठेवतात, मग कन्फर्मेशन मेल जात नाहीत. ५८७ वरून एखादी मेल सर्व्हिस जोडली की काम होतं.

डोमेनचा प्रश्न : सेटअपची कमांड पहिल्यांदा डोमेन विचारते आणि इथे घाई अजिबात करू नये. ते नाव प्रत्येक युजरच्या पत्त्यात जातं, बाकीचे सर्व्हर ते आपापल्या डेटाबेसमध्ये नोंदवून ठेवतात, त्यामुळे नंतर बदललं तर त्यांच्या लेखी जुनी माणसं नाहीशी होतात आणि नवीच कोणी आलेली असतात. पत्ता मूळ डोमेनचा आणि साइट सबडोमेनवर असं वेबफिंगरच्या (पत्त्यावरून खातं शोधायची पद्धत) आधारे करता येतं, पण मूळ डोमेनवरची वेबफिंगरची विचारणा सबडोमेनकडे वळवावी लागते. दुसरी गोष्ट किल्ल्यांची. प्रत्येक खात्याची सहीची जोडकिल्ली (पोस्ट खरंच त्याच खात्याची हे दाखवणाऱ्या दोन डिजिटल किल्ल्या) डेटाबेसमध्ये असते. डेटाबेस गेला आणि त्याच डोमेनवर कोरा सर्व्हर टाकला तर जुन्या नावाने काढलेल्या खात्याची सही बाहेर पटेलच असं नाही, कारण समोरच्याकडे जुनी किल्ली नोंदलेली असते. म्हणून रोजचा पोस्टग्रेस डंप (डेटाबेसची पूर्ण प्रत) आणि सर्व्हरच्या सेटिंग्जची एन्व्ह प्रॉडक्शन फाइल मशीनच्या बाहेर हवीच हवी. यात सूट नाही.

डिस्क बाहेरच्या सर्व्हरांच्या फोटोंनी भरते. टूटसीटीएल या मॅस्टोडॉनच्या कमांड साधनातली मीडिया रिमूव्ह कमांड सात दिवसांपेक्षा जुनी कॅश (साठवलेल्या प्रती) काढते, ती क्रॉनला (ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणारी लिनक्सची सोय) लावावी.

भारतात : नोव्हेंबर २०१९ मध्ये ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं बंद झालं तेव्हा बरेच भारतीय मॅस्टोडॉनवर गेले, पण बहुतेक तयार सर्व्हरांवरच. इथून स्वतःचा सर्व्हर इतरांसाठी खुला केला तर आयटी नियम २०२१ खाली चालवणारा मध्यस्थ (इतरांचा मजकूर ठेवणारा) ठरतो असं साधारण धरलं जातं. ५० लाखांवरच्या नोंदणीकृत युजर्सचे जादा नियम त्याला नाहीत, तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क मात्र साइटवर द्यावा लागतो.