जाळलेल्या हाडांचा जबाब

ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समध्ये, मायल क्रीक इथे, १० जून १८३८ रोजी गुराख्यांच्या टोळीने विरायाराय या मूळनिवासी (ॲबोरिजिनल) समूहातल्या किमान २८ लोकांना ठार मारलं. त्यात बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारी माणसं होती. मग मारेकऱ्यांनी परत येऊन प्रेतं जाळली. त्याचा त्यांना फायदाही झाला. पहिल्या खटल्यात मृताची ओळखच पटत नाही, असा मुद्दा निघाला आणि सगळे सुटले. दुसरा खटला एका लहान मुलाच्या खुनाबद्दल चालला, तेव्हा कुठे सात जण फासावर गेले. ॲबोरिजिनल माणसाची साक्ष त्या कोर्टात चालतच नव्हती!

तिथे २००० साली स्मारक झालं, ग्रॅनाइटची शिळा आणि तिच्याकडे नेणाऱ्या वाटेवर फलक. ते उभारण्यात मारेकऱ्यांचे वंशजही होते. पण मायल क्रीकचे कागद तरी आहेत. जिथे खटलाच झाला नाही, तिथे दगड कशाच्या आधारावर बसवायचा?

पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किंबर्ली भागात, स्टर्ट क्रीकला, १९२२च्या सुमाराला झालेल्या हत्याकांडाची आठवण तिथल्या कुटुंबांनी तोंडी जपली होती. त्यांनीच संशोधकांना जागा दाखवली. हाती आले ते हाडांचे बारीक, भाजलेले तुकडे. हाडातलं खनिज मुळात अतिसूक्ष्म, विस्कळीत स्फटिकांचं असतं. हाड खूप तापलं की हे स्फटिक वाढतात, नीट रचले जातात, आणि त्यांच्यावर क्ष-किरण टाकले तर विवर्तनाच्या, म्हणजे किरण स्फटिकांवरून कसे विखुरतात याच्या, आलेखातली पसरट शिखरं टोकदार होतात. म्हणजे आग किती भडकली होती, हे हाडच सांगतं. हे तुकडे अतितीव्र उष्णतेत भाजले होते, असं २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. कोणाला मारलं, कोणी मारलं, हे आलेख सांगत नाही. ते कुटुंबांना आधीपासून ठाऊक होतं. माझ्या मते इथे प्रयोगशाळेचं काम दुय्यम साक्षीदाराचं आहे, आणि तेवढंच असावं.

ऑस्ट्रेलियातल्याच न्यूकॅसल विद्यापीठात इतिहासकार लिंडल रायन यांच्या गटाने देशातल्या १७८८ ते १९३० या काळातल्या हत्याकांडांचा नकाशा केला. एका घटनेत सहा किंवा जास्त, स्वतःचा बचाव करू न शकणारी माणसं मारली गेली असतील, तरच नोंद. पुरावा किती भक्कम, तेही प्रत्येक नोंदीपुढे दिलेलं. अशा चारशेहून जास्त जागा भरल्या. मात्र जागांची नासधूस होऊ नये म्हणून नकाशावरचे ठिपके मुद्दाम थोडे ढोबळ ठेवले आहेत. ही भीती पोकळ नाही: मायल क्रीकच्या स्मारकाची २००५ साली तोडफोड झाली होती.