रक्तदाबाची जोडगोळी आली कुठून?

‘दोन औषधं एकदम? म्हणजे माझं बीपी फारच वाढलंय का?’ दवाखान्यात हा प्रश्न रोजचाच. एकत्र औषधं म्हणजे आजार हाताबाहेर गेला, असं रुग्णाला वाटतं. इतिहास मात्र उलटा आहे.

१९४९ साली मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधा या औषधी वनस्पतीचा रक्तदाबावरचा परिणाम ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडला. १९५२ मध्ये तिच्यातलं रेसरपिन वेगळं काढता आलं. पण दाब उतरवल्याने माणूस वाचतो का? याचं भक्कम उत्तर दिलं अमेरिकेत एडवर्ड फ्राइस यांनी, माजी सैनिकांच्या रुग्णालयांतून. त्यांच्या १९६७ च्या अहवालात खालचा दाब ११५ ते १२९ असलेले १४३ पुरुष होते. सुमारे निम्म्यांना हायड्रोक्लोरोथायझाइड, रेसरपिन आणि हायड्रॅलॅझिन, बाकीच्यांना औषध नसलेल्या गोळ्या. गंभीर घटना घडल्या औषध नसलेल्या गटात २७, औषधं घेणाऱ्यांत २. म्हणजे हा पहिला ठोस पुरावाच मुळी एकत्र औषधांचा, आणि त्यातलं एक आपल्या सर्पगंधेतलं.

ही तीन औषधं एकमेकांना सांभाळून घेत. हायड्रॅलॅझिनने रक्तवाहिन्या सैलावल्या की छाती धडधडू लागते, मूत्रपिंडं मीठ-पाणी धरून ठेवतात. धडधड रेसरपिन आवरतं, मीठ-पाणी हायड्रोक्लोरोथायझाइड लघवीवाटे बाहेर काढतं.

पुढे पायरीपायरीची पद्धत रुजली: एक औषध, त्याचा डोस वाढवा, मग दुसरं. पुष्कळ रुग्ण पहिल्याच पायरीवर वर्षानुवर्षं अडकले, याची मला आजही हळहळ वाटते. डोस दुप्पट केला म्हणून दाब दुपटीने उतरत नाही, त्रास मात्र वाढतो. अ‍ॅम्लोडिपिन या रक्तदाबाच्या औषधाचा डोस वाढवलेल्या रुग्णाच्या पायावर संध्याकाळी मोज्याच्या इलॅस्टिकचा खोल वळ दिसतो. डोस कमीच ठेवून जोडीला टेल्मिसार्टन हे रक्तदाबाचं दुसरं औषध दिलं, तर बऱ्याचदा ती सूज ओसरते.

२०१८ मध्ये युरोपीय तज्ज्ञांनी बहुतेक रुग्णांना सुरुवातच दोन औषधांच्या एका गोळीने करावी असं सांगितलं; २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अशा गोळ्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतल्या. भारतात २०१७ च्या उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्र पहिल्या काही राज्यांत होता. त्याचा भर ठरलेली मोजकी औषधं आणि न चुकणाऱ्या पुरवठ्यावर.

तरीही तपासणीत १२८/८० आलं की अनेकजण घरी जाऊन गोळी बंद करतात. तो आकडा गोळी घेतल्यावरचा असतो, हे मी प्रत्येकाला मशीन समोर ठेवून दाखवतो.