टेरोसॉर

मध्यजीव महाकल्पातील (सु. २५ ते ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या) उडणाऱ्या सरीसृपांचा निर्वंश गण. पंख हलवून उडणे पृष्ठवंशी प्राण्यांपैकी प्रथम यांना साधले. पक्षी व वटवाघळे फार नंतरची. यांना ‘उडणारे डायनोसॉर’ म्हणण्याची रूढी चुकीची आहे. ते डायनोसॉरांचे भाऊबंद होत. पंखाचे कातडी पटल हाताच्या अतिशय लांब झालेल्या चौथ्या बोटाला जोडलेले असे. पहिली तीन बोटे आखूड व नख्या असलेली.

पहिला ज्ञात नमुना बव्हेरियातील चुनखडकातला. कोझिमो कोलिनी यांनी १७८४ मध्ये त्याचे वर्णन केले, पण प्राणी बहुधा सागरी असावा असे त्यांना वाटले. झॉर्झ क्यूव्ह्ये यांनी १८०१ मध्ये तो उडणारा सरीसृप असल्याचे सांगितले. तरीही झ्यॉमरिंग यांनी १८१२ मध्ये त्याला वटवाघळांजवळ बसवले, तर व्हाग्लर १८३० मध्येही त्या लांब बोटाला वल्हेच समजत होते. इंग्लंडमध्ये लाइम रीजिस येथे मेरी ॲनिंग यांना १८२८ मध्ये डायमॉर्फोडॉन या टेरोसॉरचा सांगाडा मिळाला.

उगमाचा प्रश्न वादग्रस्त आहे. इटलीत बेर्गामोजवळ सापडलेला युडायमॉर्फोडॉन (सु. २१ कोटी वर्षांपूर्वीचा) हा जुन्यांतला जुना गणला जातो, पण त्याचा पंख पूर्ण विकसित आहे, अर्धवट पंखाचा जीवाश्म मिळालेला नाही. काही अभ्यासकांनी या गणाला आर्कोसॉरांच्या (मगरी, डायनोसॉर व पक्षी ज्यात येतात त्या गटाच्या) मुख्य शाखांबाहेर ठेवले. स्कॉटलंडमधील स्क्लेरोमोक्लस या चिमुकल्या सरीसृपाशी (वर्णन १९०७) नाते जर्मन जीवाश्मतज्ज्ञ ह्यूने यांनी पूर्वीच सुचवले होते. २०२० मध्ये लॅगरपेटिड या जमिनीवरील छोट्या प्राण्यांच्या कवट्यांच्या सीटी स्कॅनवरून अंतर्कर्ण व मेंदूची पोकळी टेरोसॉरांशी जुळते असे दिसले. २०२२ मध्ये स्क्लेरोमोक्लसही याच परिवारात बसवला गेला. लॅगरपेटिड हे टेरोसॉरांचे जवळचे नातलग, हे मत अधिक ग्राह्य वाटते. मात्र पंखाचा उलगडा त्याने होत नाही.

लांब शेपटीचे आणि आखूड शेपटीचे अशी जुनी विभागणी आता केवळ सोयीपुरती उरली आहे. चीनमधील डार्विनॉप्टेरसची (२००९) शेपटी जुन्या वळणाची, म्हणजे लांब, तर डोके व मान नव्या वळणाची. बदल एकेका भागात स्वतंत्रपणे झाला असावा. क्रिटेशस काळाअखेरीस टेक्सासमधील क्वेत्झालकोट्लसचा पंखविस्तार सु. १० मी. होता. सु. ६.६ कोटी वर्षांपूर्वी हा गण नष्ट झाला.

भारतातील पुरावा तुटपुंजा आहे. सिरोंच्याजवळील कोटा गावावरून नाव पडलेल्या जुरासिक शैलसमूहातील एका जबड्याच्या तुकड्यावरून १९७४ मध्ये ‘कॅम्पिलोग्नॅथॉइडीस इंडिकस’ ही जाती सुचवण्यात आली, पण ती संशयास्पद मानली जाते.