सेमी-ऑटोमॅटिक की ऑटोमॅटिक? चाप दाबून धरला तर काय होतं ते बघा

काळी, आखूड, खाली गोळ्यांचं लांब मॅगझिन लटकलेली रायफल दिसली की आपल्याकडे तिचं बारसं आधीच झालेलं असतं: एके-४७. टेक्सासमधल्या माझ्या मावसभावानं पहिली रायफल घेतली आणि घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन फोटो टाकले, तेव्हा कोरेगावपासून कऱ्हाडपर्यंत सगळ्या नातेवाइकांनी हेच केलं. एका फोटोत लाकडी दस्त्याची साधी रायफल होती, ती म्हणे छर्‍याची. दुसऱ्यात काळी एआर-१५ होती, ती म्हणे मशीनगन. खरं तर लाकडी त्यानं विकत घेतलेली होती, काळी नेमबाजीच्या रेंजवर तासाभरासाठी भाड्यानं घेतलेली. आणि जातीनं दोन्ही एकच, सेमी-ऑटोमॅटिक.

ग्रुपवर नेमकं बोलले ते फक्त आमचे तात्या, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. "आरं, मशीनगन कुठली? चाप दाबून धरला तर किती सुटत्यात ते इचार त्याला."

सगळा फरक तिथंच आहे. तोवरचं काम दोन्हींमध्ये सारखंच चालतं. काडतूस फुटलं की गॅसचा थोडा भाग, किंवा लहान काडतुसात नुसता मागचा धक्का, बोल्टला, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणाऱ्या सरकत्या तुकड्याला, मागे ढकलतो. मागे जाताना बोल्ट रिकामी पुंगळी बाहेर फेकतो आणि हॅमर, म्हणजे काडतूस फोडणारा ठोका देणारी हातोडी, ताणतो. स्प्रिंगच्या जोरानं पुढे येताना मॅगझिनमधलं नवं काडतूस उचलून चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या खोबणीत, बसवतो. सेमी-ऑटोमध्ये ताणलेला हॅमर इथं अडकून राहतो. बोट सैल करून चाप पुन्हा ओढल्याशिवाय तो सुटत नाही. ऑटोमॅटिकमध्ये बोट दाबलेलं असेपर्यंत हे चक्र आपोआप फिरत राहतं. एके-४७ चा वेग मिनिटाला साधारण ६०० गोळ्यांचा, म्हणजे ३० गोळ्यांचं मॅगझिन ३ सेकंदांत संपलं.

आपल्या सातारा जिल्ह्यातल्या जुन्या फौजींना हे समजावावं लागत नाही. त्यांची उमेदीची वर्षं एसएलआर खांद्यावर घेऊन गेली. ईशापूरच्या कारखान्यात बनलेली, ७.६२ मिमीची, चार किलोंच्या वर वजनाची ती रायफल खांद्याला चांगला दणका द्यायची, पण एका चापाला एकच गोळी. १९८२ च्या फॉकलंड युद्धात तर दोन्ही बाजूंच्या हातात याच घराण्यातल्या रायफली होत्या. अर्जेंटिनाच्या सैनिकांकडच्या ऑटोमॅटिक चालायच्या, ब्रिटिशांकडच्या फक्त सेमी-ऑटो. लांबून बघून फरक कळला नसता. पुढे आपल्या फौजेत आलेल्या इन्सास रायफलीनं मधला रस्ता धरला: कळ एका जागी ठेवली की एकेक, दुसऱ्या जागी नेली की एका चापाला तीन.

एआर-१५ चा घोळ असाच. ती अमेरिकी लष्कराच्या एम-१६ आणि एम-४ ची बहीण शोभते, पण दुकानात मिळणाऱ्या एआर-१५ च्या कळीला दोनच जागा असतात, बंद आणि चालू. लष्करी बहिणीला त्यापुढची एक जागा असते, आणि कायद्याला सगळी चिंता तिचीच. अमेरिकेत १९३४ पासून मशीनगनची नोंदणी सक्तीची आहे, आणि मे १९८६ नंतर नोंदलेली मशीनगन सामान्य नागरिकाला घेताच येत नाही. जुन्या, आधी नोंदलेल्या तेवढ्या फिरत राहतात, हजारो डॉलर मोजून. तेव्हा "तिथं काय, वाण्याच्या दुकानात मिळतात" हे ऑटोमॅटिकबद्दल खोटंच आहे. सेमी-ऑटोबद्दल बरंचसं खरं आहे, तरी दुकानात फॉर्म भरावा लागतो आणि पार्श्वभूमीची तपासणी होते. एच-१बी व्हिसावरच्या माणसाला एरवी तिथंही बंदूक विकत नाहीत, शिकारीचा परवाना असल्यासारखे मोजके अपवाद सोडले तर. भावानं ग्रीन कार्ड हातात येईपर्यंत वाट बघितली ती उगाच नव्हे.

आपल्याकडचा १९५९ चा शस्त्र कायदा वाचला तर तात्यांचाच प्रश्न तिथं सापडतो. चापावर दाब असेपर्यंत किंवा मॅगझिन रिकामं होईपर्यंत गोळ्या सुटत राहतील असं बनवलेलं हत्यार 'प्रतिबंधित'. म्हणून सेमी-ऑटोला मोकळं रान आहे असं मात्र कुणी समजू नये. २०१६ च्या नियमांत सेमी-ऑटो शस्त्रांना निर्बंधांच्या वर्गात टाकलं आहे, आणि ७.६२ किंवा .३०३ ची लष्करी काडतुसं झाडणारी रायफल तर दर गोळीला हातानं बोल्ट ओढायची, साधी असली तरी सामान्य परवान्यावर मिळत नाही. साताऱ्यात बसून बिनपरवाना हौस भागवायची तर ४.५ मिमीची, २० ज्यूलच्या आतली एअर रायफल आहे. शेजारच्या कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमध्ये कांस्य मिळवलं, तेही दर गोळी हातानं भरायच्या रायफलीवर. सेमी-ऑटो बघायची असेल तर राही सरनोबतचं २५ मीटरचं पिस्तूल आठवा.

भावानं घेतलेली लाकडी रायफल म्हणजे रुगर १०/२२. १९६४ पासून बनते आहे, पोटात मावणारं १० गोळ्यांचं गोल मॅगझिन, आणि .२२ चं बारकं काडतूस. मला विचाराल तर पहिली म्हणून हीच बरी. इथं आकड्यांचा आणखी एक सापळा आहे: एआर-१५ चं काडतूस .२२३ चं, म्हणजे गोळीची जाडी जवळजवळ तीच. पण त्यामागे दारू इतकी की ताकद दहापटीच्या आसपास जाते. .२२ ला खांद्याला नावालाच धक्का बसतो, त्यामुळे नवशिक्याचे डोळे मिटत नाहीत आणि चापाला हिसका बसत नाही. कानाला मफ मात्र तिलाही लागतात.

रेंजवर पहिल्या दिवशी त्याला अडकवलं ते वेगळ्याच गोष्टीनं. एआर-१५ ची शेवटची गोळी सुटली की बोल्ट मागेच अडकून राहतो, रिकामी झाली हे डोळ्याला दिसतं. १०/२२ चा बोल्ट आपला पुढे येऊन बसतो, जणू आत अजून काडतूस आहे. पुढच्या चापाला नुसतं 'टक' वाजतं, आणि काडतूस फुसकं निघालं की मॅगझिन संपलं हे कळायला मार्ग नाही. अशा वेळी नळी निशाणाकडेच रोखून थोडं थांबायचं, कारण एखादं काडतूस उशिरानंही पेटतं.

रायफल खाली ठेवताना मॅगझिन काढलं म्हणजे ती रिकामी झाली, हा सेमी-ऑटोवरचा सगळ्यात धोक्याचा समज. मागच्या गोळीनंतर बोल्टनं एक काडतूस चेंबरमध्ये बसवलेलंच असतं, ते मॅगझिनबरोबर बाहेर येत नाही. म्हणून आधी मॅगझिन काढायचं, मग बोल्ट मागे ओढून आत डोळ्यांनी बघायचं आणि करंगळीनं चाचपायचं. क्रम उलटा केला, तर आतलं काडतूस बाहेर पडतं खरं, पण बोल्ट पुढे येताना मॅगझिनमधलं दुसरं त्याच्या जागी जाऊन बसतं.