प्रीक्वेल म्हणजे रीबूट नव्हे, भावा

रंकाळ्यावर भेळ खाताना 'स्टार ट्रेक'चा, म्हणजे अंतराळातल्या त्या अमेरिकन मालिकांचा नि चित्रपटांचा, विषय निघाला की त्यातल्या 'डिस्कव्हरी' या नव्या मालिकेबद्दल एक जण हमखास बोलतोच, "डिस्कव्हरी व्हय? ते २००९च्या पिक्चरवालं रीबूट की!" मग मी भेळ मऊ पडेपर्यंत समजावत बसतो: रीबूट म्हणजे जुनं बाजूला ठेवून कथा नव्यानं सुरू करणं, प्रीक्वेल म्हणजे त्याच कथेच्या आधीची गोष्ट.

१९६६ची मूळ मालिका, तिचा कॅप्टन कर्क, त्याचा साथीदार स्पॉक, ते ७९ भाग तुम्हाला पाठ आहेत. नव्या मालिका चकचकीत आहेत आणि एकच कथा सीझनभर ताणतात, हेही दिसतंच.

घोळ आहे तो काळरेषेचा. २००९च्या चित्रपटात नीरो नावाचा रोम्युलन (एक परग्रहवासी जमात) २३८७ सालातून मागे येतो आणि २२३३ मध्ये केल्विन हे अंतराळजहाज उद्ध्वस्त करतो. तिथं इतिहासाला फाटा फुटतो. त्या फाट्यावर २२५८ मध्ये स्पॉकचा व्हल्कन ग्रहच नष्ट होतो. पण जुना इतिहास पुसला जात नाही, तो आपल्या वाटेनं चालूच राहतो. 'डिस्कव्हरी' (२०१७) सुरू होते ती याच जुन्या वाटेवर, कर्कच्या साधारण दहा वर्षं आधी. पुरावा? तिसऱ्या सीझनमध्ये कथा बत्तिसाव्या शतकात जाते, आणि तिथं व्हल्कन जागच्या जागी आहे. फक्त नाव बदलून नि'वार झालंय.

मिसळीच्या दुकानाला पोरानं नवा रंग दिला, टेबलं बदलली, तरी भट्टी तीच असते. भाऊबंदकीत वेगळा झालेला चुलता त्याच आडनावाची पाटी लावून पलीकडच्या गल्लीत बसतो, ते दुकान वेगळं. डिस्कव्हरी हे पोराचं दुकान. २००९चा चित्रपट चुलत्याचा.

"मग डिस्कव्हरीतले क्लिंगॉन, ती लढवय्यी परग्रही जमात, वेगळे का दिसतात?" अरे, कपाळावरच्या वळ्या त्यांना १९७९च्या चित्रपटातच आल्या. त्याचं कारण कथेत सांगितलं गेलं थेट २००५ मध्ये, 'एंटरप्राइझ' मालिकेत. मधली सव्वीस वर्षं कुणी त्याला रीबूट म्हणालं नाही!

डिस्कव्हरी मलाही फारशी झेपत नाही. दर सीझनला ब्रह्मांड वाचवायचं आणि मध्येच डोळे पुसत बसायचं. पण कट पातळ झाला म्हणून दुकान चुलत्याचं होत नाही. माझी पसंती 'स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स'ला (२०२२). वाट तीच जुनी, आणि बहुतेक भागांत गोष्ट तिथल्या तिथं संपते. तिचा कॅप्टन पाईक तर कर्कच्याही आधीचा, मूळ मालिकेच्या, वाहिनीनं नाकारलेल्या पहिल्या पायलट (चाचणी) भागातला. आता याहून जुनं कुठनं आणू?